संगणकाचा गाभा बदलतो तेव्हा

(संगणक-व्यवस्थेशी नित्य संबंध येणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षणवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरकरणी केवळ तंत्रज्ञांचा वाटेल. आभासी यंत्राचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, अद्ययावत केला आणि त्यानंतर त्या यंत्रावरील आज्ञावली अधूनमधून, दिसण्याजोगे कोणतेही कारण नसताना, मध्येच कोसळू लागल्या, तर दोष कसा शोधावा, हा तो विषय होय. मी कलाशाखेचा पदवीधर आणि माहिती खात्यातला माणूस. तंत्रज्ञांनी केलेले काम सर्वांस समजेल अशा भाषेत सांगणे हे माझे नित्याचे कर्तव्य आहे, आणि त्याच नात्याने मी आपल्यापुढे उभा आहे.

हा विषय आपलाही आहे, असे मी आग्रहाने म्हणतो. दाखल्यासाठी आलेला शेतकरी खिडकीशी उभा असतो; पडद्यावर चाललेले काम अकस्मात नाहीसे होते; आणि “यंत्र बंद आहे, उद्या या” हे शब्द त्यास ऐकावे लागतात. त्याची एका दिवसाची मजुरी बुडते. इकडे कार्यालयात दोष नेमका कोठे आहे हे कोणासच ठाऊक नसल्यामुळे तो खिडकीमागे बसलेल्या कर्मचाऱ्याच्या माथी मारला जातो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार टाळावयाचा असेल, तर दोष शोधण्याची एक शिस्तबद्ध रीत आहे, ती आपण सर्वांनी समजून घेतली पाहिजे.

एका चाळीतील अनेक बिऱ्हाडे

प्रथम दोन शब्दांचा अर्थ पाहू. पूर्वी एका कामासाठी एक संगणक ठेवीत. आता एका मोठ्या, सामर्थ्यवान संगणकाच्या पोटात अनेक लहान संगणक स्वतंत्रपणे नांदत असल्यासारखी व्यवस्था करतात. अशा प्रत्येक लहान संगणकास व्हर्च्युअल मशीन किंवा आभासी यंत्र म्हणतात. चाळीत जशी अनेक बिऱ्हाडे असतात, प्रत्येकाची चूल निराळी, परंतु पाया, भिंती आणि पाण्याची टाकी सामाईक, तसाच हा प्रकार समजावा. केंद्र शासनाची ‘मेघराज’ ही २०१४ मध्ये सुरू झालेली संगणक-मेघ सेवा याच तत्त्वावर उभी आहे. ग्रामपंचायतींच्या नियोजनाचे आणि हिशेबाचे काम ज्यावर चालते ते ‘ई-ग्रामस्वराज’ २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले. अशा सेवांच्या बाबतीत आपल्यासमोरचा संगणक ही केवळ एक खिडकी असते. खरे काम दूरच्या यंत्रात होत असते.

दुसरा शब्द कर्नल. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा प्रारंभ केला, तो लिनक्स नावाचा कर्नल आज जगातील असंख्य सेवा-संगणकांच्या मुळाशी आहे. कर्नल म्हणजे कोठाराच्या किल्ल्या सांभाळणारा कारभारी. कोणत्या आज्ञावलीस किती स्मृती द्यावयाची, प्रोसेसरचा वेळ कोणास केव्हा द्यावयाचा, हे तो ठरवितो. एखादी आज्ञावली आपल्या वाट्यास न आलेल्या स्मृतीस हात लावू पाहील, तर तिचे काम तेथल्या तेथे थांबविण्याचा अधिकारही त्यासच असतो. आज्ञावली ‘कोसळली’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा कर्नलने बजावलेली ही ताकीदच असते.

आभासी यंत्रांत असा कारभारी प्रत्येक बिऱ्हाडास वेगळा असतो, आणि सबंध चाळीचा म्हणून आणखी एक असतो. म्हणून “कर्नल बदलला” असे कोणी सांगितले, तर पहिला प्रश्न हाच विचारावा की, कोणाचा? आभासी यंत्राचा, की ते ज्याच्या पोटात आहे त्या मूळ संगणकाचा?

कर्नल बदलावाच कशासाठी, असेही कोणी विचारील. त्यात वेळोवेळी सुरक्षिततेच्या दृष्टीने उणिवा आढळतात आणि त्या बुजविण्यासाठी नवी आवृत्ती घ्यावी लागते. ती न घेणे म्हणजे दाराची कडी तुटलेली ठाऊक असूनही तशीच ठेवणे होय. तात्पर्य, बदल अपरिहार्य आहे. बदलातून उद्भवणाऱ्या दोषांचा शोध घेण्याची तयारीही म्हणूनच अपरिहार्य आहे.

२०१९ सालचे एक प्रकरण

कोणतीही रीत उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. म्हणून जगभरच्या तंत्रज्ञांनी उघडपणे चर्चिलेले एक खरे प्रकरण मी निवडले आहे.

लिनक्स कर्नलची ५.२ ही आवृत्ती जुलै २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी गूगल कंपनीत जन्मलेल्या ‘गो’ या संगणक-भाषेच्या १.१४ या आवृत्तीची सिद्धता चालू होती. नोव्हेंबरच्या सुमारास असे आढळून आले की, गो भाषेतील आज्ञावली काही यंत्रांवर अधूनमधून कोसळतात. कधी एका ठिकाणी, कधी दुसऱ्याच. स्मृतीत जेथे शून्य असावयास हवे, तेथे भलताच मजकूर सापडे. संशय साहजिकच गो भाषेवर गेला. कारण तिच्यातही मोठा बदल होत होता. एखादे काम एका सेकंदाच्या शंभराव्या भागाहून अधिक काळ सलग चालले, तर त्यास एक संदेश पाठवून क्षणभर थांबविण्याची नवी योजना तिच्यात येत होती.

तथापि शोध घेणारे पहिल्या संशयावर थांबले नाहीत. कोसळणाऱ्या यंत्रांत समान काय आहे, याची त्यांनी नोंद केली. ती यंत्रे ५.२ किंवा त्यापुढील कर्नलची होती. मग त्यांनी ‘सी’ या निराळ्या भाषेत एक छोटी चाचणी-आज्ञावली लिहिली. तिच्यात गो भाषेचा लवलेशही नव्हता. तरीही बिघाड तसाच दिसला. याचा अर्थ उघड होता: गो भाषा निर्दोष होती. तिच्या नव्या योजनेमुळे संदेशांची संख्या वाढली आणि कर्नलमध्ये आधीच असलेला दोष वारंवार डोके वर काढू लागला, इतकेच.

दोष होता तरी काय? प्रोसेसरच्या आत अत्यंत जलद असे काही कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात, आणि आपल्या कचेरीतील रजिस्टराप्रमाणेच त्यांतील नोंद कोणाची आहे हे ठाऊक असणे महत्त्वाचे असते. एखाद्या आज्ञावलीस संदेश द्यावयाचा झाल्यास कर्नल प्रथम तिच्या रजिस्टरांतील आकडे तिच्याच स्मृतीत उतरवून ठेवतो आणि संदेशाचे काम संपल्यावर ते परत जागी ठेवतो. ज्या स्मृतीत आकडे उतरवावयाचे ती कधीकधी तयार नसते. मग कर्नल ती तयार करतो आणि पुन्हा उतरवू लागतो. या मधल्या क्षणी प्रोसेसर दुसऱ्याच आज्ञावलीच्या ताब्यात जाऊ शकतो, आणि रजिस्टरांत तिचे आकडे येतात. म्हणून परतल्यावर “ही रजिस्टरे अजून आपल्याच आज्ञावलीची आहेत ना?” हे नव्याने तपासणे आवश्यक असते.

येथेच घात झाला. रजिस्टरांचा धनी कोण, ही नोंद चालू कामापुरती बदलत नाही, असे कर्नलच्या मजकुरात पूर्वीपासून गृहीत धरलेले होते, आणि पूर्वी ते खरेही होते. ५.२ मध्ये रजिस्टरे भरण्याची पद्धत बदलली आणि ते गृहीत खोटे ठरले. मजकुरातील शब्द मात्र तसाच राहिला. त्या मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या जीसीसी या कंपायलरच्या नवव्या आवृत्तीने त्या शब्दावर विश्वास ठेवून नोंद एकदाच वाचली आणि दुसऱ्यांदा तीच वापरली. सकाळी सातबाराचा उतारा पाहावा, दुपारी त्या जमिनीचा फेरफार व्हावा, आणि सायंकाळी सकाळच्याच उताऱ्यावर विसंबून व्यवहार करावा, तसे हे झाले. एकीचे आकडे दुसरीच्या नावावर चढले.

आता ‘अधूनमधून’ या शब्दाचे कोडे उलगडते. कर्नल जीसीसीच्या नवव्या आवृत्तीने तयार केलेला असावा, स्मृती नेमकी त्या क्षणी तयार नसावी, त्याच क्षणी प्रोसेसर दुसरीकडे जावा, आणि त्या दुसरीने तीच रजिस्टरे वापरलेली असावीत. या चार गोष्टी एकत्र जुळल्या तरच बिघाड होई. जुन्या कंपायलरने तयार केलेला तोच कर्नल बिनतक्रार चाले. लहरी वाटणारा बिघाड नियमानेच होत होता. नियम मात्र आपल्या नजरेस पडत नव्हता. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.३.१५ आणि ५.४.२ या आवृत्त्यांत दुरुस्ती झाली. दुरुस्ती काय, तर नोंद प्रत्येक वेळी नव्याने वाचावयाची.

तपासाची रीत

या प्रकरणावरून आणि तंत्रज्ञांच्या सर्वमान्य अनुभवावरून जी रीत निघते, ती क्रमाने सांगतो.

पहिली पायरी नोंदीची. कोणती आज्ञावली, किती वाजता, कोणते काम चालू असताना कोसळली आणि पडद्यावर कोणते शब्द उमटले, हे वहीत टिपून ठेवावे. कर्नल स्वतःही रोजनिशी ठेवतो. ती तंत्रज्ञाने पाहावी. तेथे ‘सेगफॉल्ट’ असा शब्द असेल तर आज्ञावलीने भलत्या स्मृतीस हात लावला असे समजावे. उलट ‘आउट ऑफ मेमरी’ असे असेल तर स्मृती अपुरी पडल्यामुळे कर्नलने ते काम स्वतःहून संपविले आहे. तो रोगच निराळा, आणि त्याचे औषधही निराळे. एकच आज्ञावली कोसळत असेल तर संशय तिच्यावर. परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक आज्ञावली कोसळत असतील तर संशय पायावर घ्यावा.

दुसरी पायरी बदलांच्या यादीची. “फक्त कर्नल बदलला” असे आपण म्हणतो, परंतु अद्ययावतीकरणाच्या एकाच फेरीत इतरही अनेक घटक बदललेले असतात. त्यांची तारीखवार नोंद यंत्रावरच असते. ती काढून, पहिल्या बिघाडाच्या वेळेशी ताडून पाहावी. यंत्राबाहेरही काही बदलले काय, उदाहरणार्थ आभासी यंत्र एका मूळ संगणकावरून निराळ्या जातीच्या प्रोसेसरच्या संगणकावर हलविले काय, हेही विचारावे. तसेच बाहेरून घेतलेले एखादे चालक-घटक जुन्या कर्नलसाठीच बनविलेले राहून गेले आहेत काय, हेही पाहावे.

तिसरी पायरी उलट तपासणीची. येथे आभासी यंत्राचा मोठा लाभ आहे. त्याची आहे त्या स्थितीची नक्कल घेता येते आणि मूळ यंत्रास धक्का न लावता नकलेवर प्रयोग करता येतात. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत जुना कर्नल काही काळ जपून ठेवलेला असतो, आणि यंत्र सुरू होताना तो निवडता येतो. बाकी काहीही न बदलता केवळ जुन्या कर्नलवर तेच काम चालवून पाहावे. बिघाड थांबला तर संशयास बळकटी येते. नव्या कर्नलवर तो पुन्हा उद्भवला तर ती अधिक येते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा येथील मुख्य नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर तो कशामुळे गेला हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

चौथी पायरी धीराची, आणि ती अधिकारीवर्गाने विशेष लक्षात घ्यावी. समजा, एखादी आज्ञावली सरासरीने दिवसातून एकदा, पण अनियमितपणे कोसळते. दोष जसाच्या तसा असतानाही शंभरांपैकी सुमारे ३७ दिवस ती केवळ योगायोगाने एकदाही कोसळणार नाही. म्हणजे “काल बदल केला, आज दिवसभर ठीक चालले” हा पुरावा नव्हे. लागोपाठ तीन दिवस निर्विघ्न गेले, तर ते केवळ योगायोगाने घडण्याचा संभव शंभरात सुमारे पाच इतका उरतो. सायंकाळपर्यंत निकाल द्या, असा हुकूम सोडून सत्य सापडत नसते.

पाचवी पायरी निम्म्याने शोधण्याची. कर्नलच्या दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून अधिक लहानमोठे बदल असू शकतात. ते एकेक तपासणे अशक्य. परंतु मधोमध असलेली स्थिती घेऊन पाहिली, आणि दोष पहिल्या अर्ध्यात की दुसऱ्या हे ठरविले, की निम्मे बदल बाद होतात. असे १४ वेळा केल्यास सोळा हजार बदलांतूनही नेमका एक हाती लागतो. हे काम तज्ज्ञांचे. परंतु बिघाड हुकमी घडवून आणणारी लहान चाचणी आणि आपली नीट नोंद यांवाचून तज्ज्ञांसही ते जमणार नाही. २०१९ चे प्रकरणही बदलांची अशी चाळणी करूनच तडीस गेले.

उपायाचा उपद्रव

एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. गो भाषेच्या कर्त्यांनी फेब्रुवारी २०२० मधील आपल्या आवृत्तीत एक तात्पुरता उपाय केला. यंत्राचा कर्नल सदोष क्रमांकांपैकी असल्यास, आकडे उतरवण्याची ती स्मृती आधीच तयार करून खिळवून ठेवावयाची. उपाय योग्य होता. परंतु अशी स्मृती किती खिळवता येईल यावर पुष्कळ यंत्रांत ६४ किलोबाइटची मर्यादा होती. ती संपली की आज्ञावली तक्रार करून थांबत. त्यातच काही वितरणांनी कर्नलमधील दोष दुरुस्त केला होता, पण वरचा क्रमांक पूर्वीचाच ठेवला होता. त्यामुळे निरोगी यंत्रासही रोगी समजून औषध दिले गेले, आणि त्या औषधानेच ते आडवे झाले. स्मृती खिळवता आली नाही तरी काम थांबू नये, अशी सुधारणा पुढे करण्यात आली. आपण यातून एवढेच घ्यावे की, डब्यावरची चिठ्ठी आणि डब्यातील जिन्नस एकच असतील असे नाही. क्रमांक पाहावा, पण वितरकाच्या दुरुस्तीची नोंदही पाहावी.

कोसळणे बरे, चुकीचा आकडा नको

शेवटचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. आज्ञावली कोसळते तेव्हा निदान कळते तरी. परंतु २०१९ च्या प्रकरणात जो दोष होता, तो आकडेच बदलणारा होता. भलता आकडा स्मृतीच्या पत्त्याच्या जागी आला तर आज्ञावली कोसळेल. तोच बेरजेच्या जागी आला तर ती शांतपणे चुकीचे उत्तर देईल आणि पुढे चालू राहील. निवृत्तिवेतनाची यादी, शिष्यवृत्तीची रक्कम, पाणीपट्टीची थकबाकी यांतील एखादा आकडा असा बदलला, तर तो कोणाच्या ध्यानात येणार? म्हणून अशा कोसळण्याकडे केवळ गैरसोय म्हणून पाहू नये. घराची भिंत तडकते तेव्हा ती पायाविषयी काही सांगत असते. वारंवार कोसळणारे यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करून काम रेटीत राहणे हा मार्ग सोपा आहे, पण तो धोक्याचा आहे. संशयाच्या काळात झालेले महत्त्वाचे हिशेब दुसऱ्या यंत्रावर ताडून पाहणे, आणि त्या काळापूर्वीची राखीव प्रत सुरक्षित ठेवणे, हे आपले कर्तव्य ठरते.

त्याचबरोबर, जुन्या कर्नलवर परत जाणे हा शेवटचा उपाय नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. जुन्यात सुरक्षिततेच्या उणिवा उघड्याच असतात. परत जावे ते दुरुस्ती येईपर्यंत, आणि दोषाची माहिती वितरकास लेखी कळवून. कळविलेला दोष दुरुस्त होतो. मनात ठेवलेला दोष पुढच्या गावी जाऊन तोच त्रास देतो.

मित्रहो, यात कोणी काय करावयाचे, तेही स्पष्ट आहे. परिचालकाने नोंद ठेवावी. तंत्रज्ञाने एका वेळी एकच बदल करावा. अधिकाऱ्याने पुरावा मागावा, आणि पुरावा गोळा होईपर्यंत वेळ द्यावा. शिक्षक बंधूंनी ही रीत विद्यार्थ्यांस शिकवावी, कारण ती केवळ संगणकाची नव्हे, शास्त्रीय विचाराची रीत आहे. आणि पंचायत सदस्यांनी, काम अडले असता “कोणी केले?” असे विचारण्यापूर्वी “काय बदलले?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने एखादा माणूस सापडतो. दुसऱ्याने दोष सापडतो. २०१९ मध्ये जे निरपराध ठरले ती एक संगणक-भाषा होती. आपल्या कार्यालयात तो एखादा कंत्राटी परिचालक असू शकेल, आणि त्याची भाकरी त्या निर्णयावर अवलंबून असेल.